कार्यक्रम रंगात आला की मिडी कीबोर्ड गायब: दोष नेमका कुठे शोधायचा

दिवाळी झाली, गावोगाव मंडया म्हणजे जत्रा भरू लागल्या की वडसा-आरमोरीपासून लाखांदूर-साकोलीपर्यंत नाटकांचा हंगाम लागतो आणि माझा फोन वाजायला लागतो. तक्रार ठरलेली. "दादा, कीबोर्ड मंधातच बंद पडते. घरी बराबर चालते, मंचावर गेलं का दगा देते." नाटकवाले, राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला भजनं करणारी मंडळं, लग्नातले ऑर्केस्ट्रा, घरातल्या खोलीत वऱ्हाडी गाणी रेकॉर्ड करणारी पोरं, सगळ्यांचं दुखणं थोड्याफार फरकानं हेच. त्यातले बरेच जण फोन करायच्या आधीच नवा कीबोर्ड घ्यायचं ठरवून बसलेले असतात.

नवा घेऊ नका. केबल तीच, लॅपटॉप तोच आणि त्यातली सेटिंगही तीच राहिली तर नवा कीबोर्डसुद्धा दुसऱ्या अंकात तसाच गायब होणार. माझ्याकडे 'बिघडला' म्हणून आणून दिलेले बहुतेक कीबोर्ड टेबलावर दुसऱ्या केबलनं रात्रभर ठणठणीत चालतात.

आधी निरोप येतोय का ते बघा

मिडी कंट्रोलरमध्ये, म्हणजे लॅपटॉपला लावायच्या या कीबोर्डमध्ये, स्वतःचा आवाज नसतो. हे माहीत असूनही घाईत सगळेच विसरतात. झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर स्वतः गात नाही, नटाला फक्त शब्द पुरवतो, तसं हे यंत्र सॉफ्टवेअरला निरोप पुरवतं: कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. पट्टीचा नंबर ० ते १२७, जोराचा आकडाही ० ते १२७. १९८३ साली ही पद्धत ठरली, तेव्हापासून मूळ भाषा बदललेली नाही. म्हणून तर जुन्या पॅडची, म्हणजे काठीनं वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमची, पाच पिनांची मिडी आउट आजच्या लॅपटॉपलाही समजते.

तेव्हा वाट दोन तुकड्यांची आहे. कीबोर्डपासून सॉफ्टवेअरपर्यंत एक, सॉफ्टवेअरपासून साउंड बॉक्सपर्यंत दुसरी. दोष कोणत्या तुकड्यात आहे ते ठरवल्याशिवाय हात लावू नका. एफएल स्टुडिओ आणि रीपर ही गाणी वाजवायची-रेकॉर्ड करायची सॉफ्टवेअरं. एफएल स्टुडिओच्या पडद्यावर वरच्या बाजूला मिडीचा बारीक दिवा असतो, पट्टी दाबली की तो लुकलुकतो. रीपरमध्ये ट्रॅक रेकॉर्डसाठी आर्म म्हणजे सज्ज करून इनपुटला मिडी निवडलं की मीटर हलतो. याहून खात्रीचं काम विंडोजवर 'मिडी-ऑक्स' नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं. त्यात आलेला प्रत्येक निरोप ओळीनं दिसतो, नंबरासकट. मी तरी आधी तेच उघडतो.

दिवा लुकलुकतोय आणि आवाज नाही, म्हणजे कीबोर्ड निर्दोष. ट्रॅक आर्म आहे का, मॉनिटरिंग (वाजवताना लगेच ऐकू येणं) चालू आहे का, आवाज भलत्याच ठिकाणी, टीव्हीच्या एचडीएमआयवर किंवा खिशातल्या ब्लूटूथ इअरफोनवर तर जात नाही ना, एवढं पाहिलं की बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

दिवाच लागत नाही, पण विंडोजच्या यादीत कीबोर्डचं नाव दिसतंय, तर आधी बाकीची सॉफ्टवेअरं बंद करा. विंडोज १० आणि त्याआधीच्या मशीनवर बऱ्याच कीबोर्डांचं पोर्ट एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला मिळतं. मागे मिडी-ऑक्स उघडं राहिलं असेल तर एफएल स्टुडिओला कीबोर्ड मिळणारच नाही.

आणि नावच दिसत नाही, दिसून नाहीसं होतं, तर आपण खऱ्या दुखण्यापाशी आलो.

केबल, पोर्ट आणि ते 'टुडुंग'

विंडोजमध्ये एखादी वस्तू सुटली की 'टुडुंग' असा उतरता आवाज येतो. लॅपटॉप मिक्सरला जोडलेला असतो, त्यामुळे तो मेन बॉक्समधून अख्ख्या गावाला ऐकू जातो. करुण प्रवेश चाललेला असताना हा आवाज येणं यासारखी फजिती नाही. कार्यक्रमाआधी साउंड सेटिंगमध्ये जाऊन 'नो साउंड्स' निवडून ठेवा. दुखणं बरं होणार नाही, लाज तरी वाचेल. तपासताना मात्र हा आवाज चालूच ठेवा, कारण तोच आपला साक्षीदार.

तपास असा करायचा. कीबोर्ड लावा, सॉफ्टवेअर उघडू नका. केबलचं कीबोर्डकडचं टोक दोन बोटांत धरून हलकेच वर-खाली करा. मग लॅपटॉपकडचं. 'टुडुंग' आलं की जागा सापडली. चौकोनी सॉकेट असलेल्या कीबोर्डला प्रिंटरची केबल लागते आणि आपल्याकडे ती कुठल्या तरी बंद पडलेल्या प्रिंटरची काढून लावलेली असते. मंचापुढे सतरंजीवर बसून वाजवताना ती केबल सतरंजीखालून जाते, वरून माणसं चालतात, वायर टोकापाशी आतून तुटते. वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं.

नवी घेताना दोन गोष्टी बघा. एक, लांबी. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरच्या पुढे नेमात बसत नाही. आपल्या कामाला दीड-दोन मीटर पुष्कळ. लांब हवी म्हणून दोन केबली जोडू नका, त्यापेक्षा लॅपटॉप जवळ आणा. दुसरं म्हणजे टाइप-सी सॉकेटच्या नव्या कीबोर्डांना फोनच्या चार्जरची केबल लावली तर दिवे लागतात, पण काही केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. कीबोर्ड जिवंत दिसतो आणि लॅपटॉपला त्याचा पत्ता नसतो. अशी केबल सापडली तर तिच्यावर खूण करून ठेवा, नाहीतर पुढच्या कार्यक्रमात ती परत पिशवीतून निघते.

सॉकेटच हलत असेल तर आतला सांधा सुटलेला असतो. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा चांगला कारागीर तो झाळून देतो. झाळल्यावर केबलला कीबोर्डच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीनं एक वळण देऊन बांधून टाका, म्हणजे ओढ सॉकेटवर येत नाही.

पोर्टही ठरवून टाका. कीबोर्ड आज या भोकात, उद्या त्या भोकात असं केलं की विंडोज बऱ्याचदा त्याला नवीच वस्तू समजतं आणि नावाच्या आधी '२-' किंवा '३-' लावतं. सॉफ्टवेअर जुनं नाव शोधत बसतं, सेटिंग हरवतं आणि वादक म्हणतो, कालपर्यंत चालत होतं. पोर्टशेजारी नेलपॉलिशचा ठिपका द्या, पुढे कोणीही वायर लावली तरी तिथेच लागते. आधीचे मेलेले अवतार डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू'मधून 'शो हिडन डिव्हाइसेस' केलं की फिक्या रंगात दिसतात. कीबोर्डच्या नावाचे तेवढे फिके काढून टाका, बाकीच्यांना हात लावू नका.

क्रमही पाळा: आधी कीबोर्ड लावायचा, मग सॉफ्टवेअर उघडायचं. सॉफ्टवेअर चालू असताना कीबोर्ड सुटून परत लागला तर काही सॉफ्टवेअरं त्याला आपोआप पुन्हा घेत नाहीत. एफएल स्टुडिओच्या मिडी सेटिंगमध्ये तो पुन्हा निवडून 'एनेबल' पाहावं लागतं. हे चार क्लिक घरी इतके गिरवून ठेवा की अंधारात जमले पाहिजेत.

लाइन गेली की काय होतं

आता ज्या कारणासाठी हे लिहायला घेतलं ते. घरी चालतं, मंचावर चालत नाही, याचं मोठं कारण वीज. आणि तीही लोकांना वाटते तशी नाही.

लॅपटॉपचा चार्जर साधारण १०० ते २४० व्होल्ट घेतो. थ्री फेज आली, शेतातल्या मोटारी ऑटोवर एकदम सुरू झाल्या आणि गावातला बल्ब पिवळा पडला तरी चार्जर सहसा तग धरतो. खरी गडबड लाइन जाते तेव्हा. लॅपटॉप बंद पडत नाही, त्याला बॅटरी आहे. पण बॅटरीवर गेल्याक्षणी विंडोज काटकसर सुरू करतं: प्रोसेसरचा वेग उतरवतं, रिकामं वाटणारं यूएसबी पोर्ट झोपवतं. वादकानं दोन-तीन मिनिटं काही वाजवलं नाही, नट संवाद बोलतोय, तेवढ्यात पोर्ट झोपलं. गाण्याचं तोंड आलं, पट्टी दाबली, काही नाही. जनरेटर सुरू व्हायला लागणारा तो मधला वेळ पुरतो.

उपाय फुकटचा आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स'खाली जितके 'यूएसबी रूट हब' दिसतील त्या प्रत्येकाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी ही वस्तू बंद करू द्यायची परवानगी असते, तिची टिचकी काढा. मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये चालू प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. तिथे दोन ओळी असतात, बॅटरीवर असताना आणि चार्जरवर असताना. दोन्ही बंद करा. लोक चार्जरची करतात आणि बॅटरीची सोडतात, आणि आपलं सगळं मरण तर बॅटरीच्याच ओळीत. बॅटरी सेव्हर २० टक्क्यांना आपोआप लागू होण्याची सोय असते, तीही काढून टाका. प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' ठेवा.

आणखी एक. यूएसबी खेळखंडोबा करतं म्हटलं की जो तो सांगतो, 'पॉवर्ड हब घे', म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्टं करणारा आणि स्वतःचा अडॅप्टर असलेला डबा. शहरात हा सल्ला बरोबर आहे. आपल्या मंडपात मात्र तोच हब घात करतो. लाइन डोळा मिचकावते तेवढ्यात हबचा अडॅप्टर पडतो, हब रीसेट होतो आणि त्याला लावलेलं सगळं एका झटक्यात सुटतं. लॅपटॉप मात्र बॅटरीमुळे आरामात चालू असतो. म्हणून कीबोर्ड थेट लॅपटॉपला लावा. त्याला लॅपटॉपची बॅटरी हाच यूपीएस. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत देतं, साध्या कंट्रोलरला ते पुरून उरतं. शेजारच्या पोर्टवर कोणाचा मोबाइल चार्जिंगला लावलेला असेल तर तेवढा काढा; मंचावर लॅपटॉप दिसला की कोणीतरी येऊन मोबाइल लावतंच.

हब लागणारच असेल तर अडॅप्टर इन्व्हर्टरवर घ्या. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं. यूपीएसवर ठेवलं की बदल लवकर होतो, पण व्होल्टेज थोडं उतरलं तरी तो बॅटरीवर जातो. रात्रीच्या थ्री फेजच्या वेळी सारखा जात-येत राहिला तर पहाटेपर्यंत बॅटरी संपते, हे लक्षात ठेवून निवडा. पॉवर बँकेवर हब चालवण्याची युक्तीही काही जण करतात, पण ओढ कमी असली की अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात. मी त्या वाटेला जात नाही.

फोनवर वाजवणाऱ्यांचं वेगळं. अँड्रॉइड ६ पासून फोनला मिडी कळतं, ओटीजीचा बोळा (फोनला यूएसबीची वायर जोडणारा अडॅप्टर) लावून घरी सराव छान होतो. पण काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजीचं बटण सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं काही वापरलं नाही की ते स्वतःच बंद होतं. प्रवचन मध्ये आलं की संपलं. मंचावर फोन नको.

लाइनचाच दुसरा त्रास म्हणजे घुंऽऽ. चार्जर लावला की साउंडमध्ये भुणभुण, काढला की शांत, तर ते आर्थिंगचं काम आहे. कीबोर्डशी संबंध नाही. लॅपटॉपच्या आउट आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स लावा, म्हणजे दोघांचं विजेचं थेट नातं तोडून फक्त आवाज पुढे नेणारी डबी. भुणभुण घालवायला तीन पिनांपैकी मोठी पिन काढून टाकणारे कारागीर गावोगाव आहेत. तसं करू देऊ नका. मंडपात ओल असते, लोखंडी पाइप असतात, माइक ओठाला लागतो; तिथे झिणझिण्यांवर थांबेल याची हमी कोणी देत नाही.

उशीर होतो, लय जाते

दुसरी मोठी तक्रार. तबलेवाले काका म्हणतात पोरगं लयीत नाही. पोरगं म्हणतं मी बरोबर वाजवतो, आवाजच मागून येतो. अशा भांडणात मी बहुधा पोराच्या बाजूनं असतो.

मिडीचा निरोप पाच पिनांच्या जुन्या वायरीतूनही जेमतेम १ मिलिसेकंदात पोचतो. उशीर होतो तो लॅपटॉपमध्ये आवाज तयार होऊन बाहेर पडताना. सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे साठवून पुढे ढकलतं, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला बफर १२८ असेल तर त्याचे सुमारे ३ मिलिसेकंद, २५६ ला ६, ५१२ ला साडेअकरा, १०२४ ला २३, आणि २०४८ ला ४६. यावर ड्रायव्हरचा आपला वेळ वेगळा. हाताला २० च्या पुढे जाणवायला लागतं, द्रुत लयीत त्याआधीच.

म्हणून विंडोजवर आधी ड्रायव्हर बदला. ऑडिओ इंटरफेस (बाहेरून लावायचं साउंड कार्ड) असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा एसिओ, म्हणजे कमी उशिराचा ड्रायव्हर, नसेल तर एफएल स्टुडिओसोबत येणारा त्यांचा एसिओ किंवा फुकट मिळणारा एसिओ४ऑल. मग बफर २५६ वर ठेवून बघा. चरचर आली तर ५१२. रेकॉर्डिंग झाल्यावर मिक्सिंगला बसलात की खुशाल १०२४ करा, तेव्हा उशिराचं काही बिघडत नाही. चरचर बॅटरीवर गेल्यावरच येत असेल तर ती वर सांगितलेली काटकसर. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप तापून स्वतःच वेग उतरवतो आणि चरचरतो. खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवून तळ मोकळा करा, कूलरची थेट ओली हवा मात्र लागू देऊ नका. वाय-फाय बंद ठेवलं तरी पुष्कळ फरक पडतो, शिवाय मधेच अपडेट सुरू होत नाही.

ब्लूटूथ स्पीकरवर वाजवायचा नाद सोडा. त्यात सहसा १०० मिलिसेकंदांच्या वरचा उशीर असतो, कुठल्याही सेटिंगनं तो जात नाही.

आणि एक गोष्ट सॉफ्टवेअरमध्ये शोधून सापडायची नाही. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. वादक मंचापुढे बसलेला आणि तो ऐकतोय १० मीटरवरच्या बॉक्समधून, तर २९ मिलिसेकंद तिथेच गेले. बफर ६४ करून लॅपटॉपचा जीव काढला तरी ते परत मिळत नाहीत. वादकाशेजारी एक छोटा मॉनिटर किंवा वायरचा हेडफोन द्या. तबलेवाल्या काकांनाही त्याच मॉनिटरमधलं ऐकू द्या, भांडण तिथेच मिटतं.

सूर अडकतो, पट्टी चुकते, आवाज दोनदा येतो

पट्टी सोडली तरी सूर चालूच राहतो, तेव्हा 'सोडली' हा निरोप पोचलेला नसतो. बहुतेक वेळा कीबोर्ड सुटला तेव्हा पट्टी दाबलेली होती. म्हणजे हे वरच्याच दुखण्याचं लक्षण, वेगळा उपचार नाही. तात्पुरतं एफएल स्टुडिओत कंट्रोल आणि एच एकत्र दाबा, सगळं गप्प होतं. सूर न तुटता लांबतच राहत असेल तर पॅडल बघा. पॅडल पायाखाली दाबलेलं असताना कीबोर्ड चालू झाला तर काही कीबोर्ड त्याला उलटं समजतात. पॅडल आधी लावा, पाय काढा, मग कीबोर्ड चालू करा.

गवई काळी चारमध्ये गातोय आणि कीबोर्ड भलतीकडेच, हे ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणाऱ्या सोयीचं काम. कोणीतरी लहान मूल बटणाशी खेळून गेलेलं असतं. ट्रान्सपोज तीन जागी लपतो: कीबोर्डवर, सॉफ्टवेअरच्या चॅनेलमध्ये आणि वाद्याच्या प्लगइनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आत आवाज देणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरमध्ये. कुठे शोधायचं ते मिडी-ऑक्स सांगतं. मधली पांढरी एक दाबा. ६० आलं तर कीबोर्ड निर्दोष, सॉफ्टवेअरमध्ये शोधा. ६१ आलं तर एक पट्टी वर सरकलाय, ४८ किंवा ७२ आलं तर सप्तक सरकलंय. नावावर मात्र जाऊ नका. हाच ६० नंबर यामाहा सी३ म्हणून सांगतं, रोलँड सी४ म्हणून आणि एफएल स्टुडिओ सी५ म्हणून.

कॅसिओ किंवा यामाहाचा आवाजवाला कीबोर्ड लॅपटॉपला लावला असेल आणि प्रत्येक सूर डबल ऐकू येत असेल, तर एक आवाज त्याच्या पोटातला आहे. त्याच्या मेनूत 'लोकल कंट्रोल' शोधून ऑफ करा. तसा मेनू नसेल तर त्याचा व्हॉल्यूम शून्यावर.

हार्मोनियमवरून आलेल्या हातांची एक खास अडचण आहे. पेटीला पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज भात्यावर चालतो. कंट्रोलर मात्र प्रत्येक बोटाचा जोर मोजतो, मग एक सूर मोठा, एक बारीक. भजनात पेटीचा आवाज लावला असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये व्हेलॉसिटी म्हणजे जोराचा आकडा फिक्स्ड करून १०० च्या आसपास ठेवा, आणि भात्याचा चढ-उतार डाव्या हाताच्या मॉड्युलेशन चाकावर घ्या. चाक मूळ १ नंबरचा कंट्रोल पाठवतं; प्लगइनमध्ये ते व्हॉल्यूमला किंवा ११ नंबरच्या एक्स्प्रेशनला जोडलं की पेटी श्वास घेते.

जुन्या पॅडची पाच पिनांची वायर यूएसबीला जोडणारी स्वस्त केबल काम करत नसेल तर तिची इन आणि आउट टोकं अदलाबदल करून पाहा. त्यावर छापलेलं कोणाच्या बाजूनं वाचायचं हे बनवणाऱ्यांचंही ठरलेलं दिसत नाही. पॅडचा मिडी चॅनेल, म्हणजे त्याच्या निरोपांची वेगळी वाट, १० ठेवा आणि कीबोर्डच्या पट्ट्यांचे आवाज १ वर. ड्रमच्या ठरलेल्या मांडणीत ३६ म्हणजे बास, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे बंद हायहॅट. ठोका भलत्याच वाद्याचा आला तर हे आकडे जुळवा.

घ्यायचाच झाला तर

घरात यूएसबी टू होस्ट असा सॉकेट असलेला कॅसिओ किंवा यामाहा पडून असेल तर तोच तुमचा कंट्रोलर. हजारो रुपये वाचले.

नसेल तर आधी पट्ट्या मोजा. पेटी साधारण तीन ते साडेतीन सप्तकांची असते, साडेतीनची म्हणजे ४२ पट्ट्या. २५ बारीक पट्ट्यांचा आकाईचा एमपीके मिनी किंवा तसलाच दुसरा छोटा कंट्रोलर खोलीत बीट बनवायला झकास, त्यावर आठ पॅडही मिळतात. पण पेटीवाल्या माणसाची बोटं त्यावर मावत नाहीत आणि सप्तकाची बटणं दाबता दाबता चाल निसटते. मंचासाठी पूर्ण रुंदीच्या ४९ पट्ट्या कमीत कमी, ६१ उत्तम. एम-ऑडिओ कीस्टेशनसारखा साधा, कमी दिव्यांचा कीबोर्ड मला मंचासाठी जास्त विश्वासाचा वाटतो. पॅड आधीच असेल तर कीबोर्डवरच्या पॅडचे पैसे कशाला मोजायचे? वेगळा ड्रायव्हर न टाकता लॅपटॉप ओळखतो का, पॅडलचं भोक आहे का, हे विचारा. सोबतचं सॉफ्टवेअर नोंदणीनंतर इंटरनेटवरून उतरवावं लागतं, ते घरी रेंज असताना करून घ्या. जुना घेतलात तर ते कोड पहिल्या मालकानं वापरलेले असतात, किंमत त्या हिशेबानं करा.

नागपूरला घ्यायला गेलात तर आपला लॅपटॉप आणि आपली केबल न्या. मिडी-ऑक्स उघडून एकेक पट्टी हळू, मग जोरात दाबा. हळूला लहान आकडा आणि जोरातला मोठा यायला हवा, सगळ्या पट्ट्यांवर.

धूळ

सोयाबीनच्या मळणीत थ्रेशरची धूळ आणि मग कापसाचं तंतुस, दोन्ही घरात येतात आणि कीबोर्डच्या पट्ट्यांच्या फटीत बसतात. प्रत्येक पट्टीखाली रबराची टोपी असते, तिच्या आत काळ्या कार्बनचे दोन ठिपके. पट्टी दाबली की आधी एक टेकतो, मग दुसरा. मधल्या वेळावरून यंत्र जोर ठरवतं. एका ठिपक्यावर धूळ बसली की हा हिशेब कोलमडतो. मग एखादी पट्टी हळू दाबली तरी १२७ पाठवते आणि भजनात मधेच किंचाळते, किंवा मुकीच राहते. अशी एक-दोन पट्ट्यांची तक्रार असेल तर ते बहुधा हेच, केबल-बिबल नाही.

वॉरंटी असेल तर उघडू नका. संपली असेल तर खालचे स्क्रू काढताना कुठला कुठून निघाला ते कागदावर मांडून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. रबराची पट्टी अलगद उचला, तिचे काळे ठिपके आणि खालच्या सर्किटवरचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओल्या केलेल्या कापडानं टिपून घ्या. लिंट सुटणारा कापूस नको, पेट्रोल-थिनर तर मुळीच नको, रबर फुगतं. पूर्ण वाळू द्या, मग बसवा. न वाजवताना ओढणी किंवा जुनं धोतर अंथरून झाका, प्लास्टिकची पन्नी नको. पौषातल्या रात्री उघड्या मंडपात दव पडतं आणि पन्नीखाली ओल कोंडते.

पुसूनही आकडा सुधारला नाही तर ठिपका झिजलाय, रबराची पट्टी बदलावी लागेल. ती मागवताना नुसतं कीबोर्डचं नाव सांगू नका, खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर आणि त्या पट्टीत किती टोप्या आहेत ते सांगा. एकाच नावाच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांची पट्टी वेगळी निघू शकते, आणि एका कीबोर्डमध्येही बारा टोप्यांची आणि तेरा टोप्यांची अशा दोन तऱ्हा असतात.